वेल्ड चिन्हातला ध चा मा

ड्रॉइंगवर फिलेट वेल्ड, म्हणजे काटकोनात भेटणाऱ्या दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरलेला वेल्ड, त्रिकोणाने दाखवतात, आणि त्या त्रिकोणाची उभी रेघ कायम डावीकडे. जॉबवर उभी प्लेट उजव्या अंगाला असली, व्ह्यू उलट बाजूने घेतला, बाण खालून आला, तरी चिन्हातली उभी रेघ डावीकडेच राहते. बेव्हल, जे-ग्रूव्ह आणि फ्लेअर-बेव्हल, म्हणजे एकाच प्लेटची कड तिरकी किंवा गोलसर असलेले जोड, यांनाही हाच दंडक. कारण वेल्डचं चिन्ह जोडाचं चित्र काढून दाखवत नाही. त्यात एक आडवी रेघ, एका टोकाला जोडाकडे जाणारा बाण आणि दुसऱ्या टोकाला दुभंगलेली शेपूट असते, आणि प्रत्येक जागेला अर्थ असतो: रेघेच्या वर की खाली, त्रिकोणाच्या डावीकडे की उजवीकडे, बाण जिथे वळतो त्या कोपऱ्यावर की शेपटीत. कॅडमध्ये ही चिन्हं आपल्या सोयीची करून घ्यायला बसलं की पहिला धक्का याच जागांना लागतो.

सोयीच्या मागण्या साधारण ठरलेल्या असतात. अक्षरं मोठी हवीत. बाणाचं टोक भरीव हवं. शेपटीत डब्ल्यूपीएसचा (वेल्ड कसा करायचा ते सांगणाऱ्या कागदाचा) नंबर आपोआप यावा. ती डॅश रेघ काढून टाका, उगाच गर्दी होते. टॅकसाठी (प्लेटा जागेवर धरायच्या तात्पुरत्या टाक्यासाठी) शॉपमध्ये एक खूण चालते, ती यादीत घाला. पहिल्या दोन मागण्या दिसण्याच्या आहेत, त्या बिनधास्त पुऱ्या कराव्यात. शेपटीचं प्रकरण थोडा विचार करून. डॅश रेघेची मागणी मात्र सरळ अर्थावर घाला घालते. पंचाईत अशी की सेटिंगच्या खिडकीत या सगळ्या गोष्टी शेजारीशेजारी, एकसारख्या टिकमार्कांनी मांडलेल्या असतात. फॉन्ट बदलायला एक क्लिक लागतं आणि वेल्ड प्लेटच्या पलीकडे पाठवायलाही एकच.

त्या डॅश रेघेपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात महाग चूक तिथे होते. अमेरिकन पद्धतीत, म्हणजे अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या एडब्ल्यूएस ए२.४ या मानकात, आडवी रेफरन्स लाइन एकच. चिन्ह तिच्या खाली असेल तर वेल्ड बाणाच्या बाजूला, वर असेल तर पलीकडच्या बाजूला. आयएसओ २५५३ या आंतरराष्ट्रीय मानकाने २०१३ च्या आवृत्तीपासून दोन पद्धती शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. सिस्टिम बी अमेरिकन धाटणीची, एका रेघेची. सिस्टिम ए मध्ये दोन समांतर रेघा असतात, एक अखंड आणि एक डॅश. अखंड रेघेवर बसवलेलं चिन्ह बाणाच्या बाजूचं, डॅश रेघेवर बसवलेलं पलीकडचं. दोन्ही बाजूंना सारखाच वेल्ड असेल तर डॅश रेघ गाळतात. एका ड्रॉइंगवर दोन्ही पद्धतींची सरमिसळ चालत नाही आणि कुठली पद्धत वापरली आहे ते ड्रॉइंगवर स्पष्ट लिहावं लागतं.

आता सिस्टिम ए मध्ये अखंड रेघ वर, तिच्या डोक्यावर फिलेटचा त्रिकोण आणि खाली डॅश रेघ, असं चिन्ह डोळ्यांसमोर आणा. सॉफ्टवेअरमध्ये आयएसओ निवडल्यावर बहुतेक वेळा हेच उमटतं. अर्थ: वेल्ड बाणाच्या बाजूला. ‘गर्दी होते’ म्हणून कुणी डॅश रेघ बंद केली. उरली एकच रेघ आणि तिच्या वर त्रिकोण. अमेरिकन पद्धतीत तयार झालेल्या वेल्डरच्या लेखी हा पलीकडच्या बाजूचा वेल्ड. ड्रॉइंगवर एक आकडा बदलला नाही, एक अक्षर खोडलं नाही, तरी वेल्डने बाजू बदलली.

यावर एक साधा आणि फार उपयोगी बदल आहे. सिस्टिम ए ची डॅश रेघ अखंड रेघेच्या वर नेऊन ठेवा. ती बहुतेक ठिकाणी खाली दिसते, पण वर नेल्याने नियम मोडत नाही. मग बाणाच्या बाजूचं चिन्ह अखंड रेघेच्या खाली लटकतं आणि पलीकडच्या बाजूचं डॅश रेघेच्या वर बसतं. आता आयएसओ वाचणारा आणि एडब्ल्यूएस वाचणारा दोघेही बाजू एकच सांगतात. परदेशातून मागवलेली किंवा परदेशी पाठवायची ड्रॉइंग्ज ज्या ऑफिसात हाताळली जातात, तिथे टेम्प्लेटमध्ये पहिला बदल हाच करावा. मापांचा गोंधळ याने सुटत नाही, पण निदान बाजू तरी वाचते.

डॅश रेघ ठेवली म्हणून ती डॅश दिसेलच याची खात्री मात्र नसते. ऑटोकॅडच्या मेट्रिक लाइनटाइप (रेघांच्या नमुन्यांच्या) फाइलमध्ये हिडन रेघेची एक डॅश ६.३५ एककांची आणि फट ३.१७५ ची आहे. चिन्हाची आडवी रेघ असते जेमतेम २० मिमी. एलटीस्केल, म्हणजे या नमुन्याला गुणायचा आकडा, १ असेल तर दोन-तीन तुकडे दिसतात. मोठ्या स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगसाठी कुणी एलटीस्केल १० केला की डॅश होते ६३.५ ची. तेवढी जागाच नाही म्हणून प्रोग्रॅम ती रेघ अखंड काढून मोकळा होतो. मग दोन अखंड रेघा दिसतात आणि वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजावं. ब्लॉक, म्हणजे एकदा काढून पुन्हापुन्हा वापरायचं चिन्ह, बनवताना इथे लाइनटाइपवर विसंबूच नये. ३ मिमीचे पाच सुटे तुकडे आणि मधे १.२५ मिमीच्या चार फटी, बरोबर २० मिमी. हे तुकडे साध्या अखंड रेघेने काढले की कुठल्याही स्केलला डॅश डॅशच राहते. दोन रेघांमधलं अंतर १.५ मिमी तरी ठेवावं. ए१ चा कागद ए३ वर छापला की सगळं निम्मं होतं, आणि दाट रेघा एकमेकींना चिकटून एक जाड रेघ दिसते.

हा निम्म्या आकाराचा प्रिंट अक्षरांच्याही मुळावर येतो. शॉपमध्ये फिरणारे कागद बहुधा ए३ च असतात. ३.५ मिमी उंचीची अक्षरं तिथे १.७५ मिमी होतात, वर ग्राइंडिंगची धूळ आणि तेलाचे डाग. चिन्हातली अक्षरं ५ मिमी ठेवली तर निम्म्यातही २.५ उरतात. ड्रॉइंग थोडं ढोबळ दिसतं खरं, दिसू द्यावं.

उंचीचा हा हट्ट एका अक्षरासाठी आहे. आयएसओच्या सिस्टिम ए मध्ये फिलेटच्या मापाआधी ‘ए’ किंवा ‘झेड’ हे रोमन अक्षर लिहिलंच पाहिजे. ‘ए’ म्हणजे थ्रोटची जाडी, आतल्या कोपऱ्यापासून वेल्डच्या तिरक्या तोंडापर्यंत मोजलेली; ‘झेड’ म्हणजे लेगची लांबी, प्लेटला लागून मोजलेली. समान लेगच्या फिलेटमध्ये थ्रोट लेगच्या साधारण ०.७ पट. अमेरिकन पद्धतीत अक्षर नसतं, नुसता आकडा आणि तो लेगचा. आता लेग ६ च्या फिलेटचा छेद १८ चौरस मिमी भरतो. थ्रोट ६ हवा असेल तर लेग होते ८.५ आणि छेद ३६ चौरस मिमी, बरोबर दुप्पट. म्हणजे वायर दुप्पट, वेळ जवळपास दुप्पट, उष्णता जास्त आणि पातळ प्लेट असेल तर जॉब वाकण्याची हमी. उलट चूक त्याहून वाईट. थ्रोट ४ मागितला आणि वेल्डरने लेग ४ दिली तर थ्रोट मिळतो २.८. तीस टक्के कमी, आणि बाहेरून बघणाऱ्याला वेल्ड छान दिसतो.

एवढा फरक एका अक्षरावर तोललेला. पूर्वी ‘ध’ चा ‘मा’ करायला कुणाला तरी लेखणी उचलावी लागली होती. इथे फॉन्ट तेवढं काम फुकटात करतो. रेघांच्या साध्या फॉन्टमध्ये छोटं झेड आणि आकडा २ यांत फरक एका वळणाचा. निम्म्या प्रिंटवर झेड ६ चा सव्वीस झाला तर फिटर हसून विचारायला येईल, कारण २६ ची फिलेट कुणी मागत नाही. झेड १२ असेल, तर ‘२१२’ वाचूनही तो निदान थांबेल. खरा धोका वेगळा: अक्षर पुसट होऊन नाहीसंच झालं तर. मग उरतो नुसता आकडा आणि प्रत्येकजण आपापल्या सवयीने तो लेग किंवा थ्रोट समजतो. म्हणून झेडच्या पोटात आडवी रेघ असलेला फॉन्ट निवडावा, आणि ‘या ड्रॉइंगवरची सर्व फिलेट मापं लेगची’ अशी एक ओळ जनरल नोटमध्ये घालावी. चिन्हात अक्षर आहे म्हणून ही ओळ वगळू नये.

तुटक वेल्डचं मापही असंच दगा देतं. अमेरिकन पद्धतीत ५०-१५० म्हणजे ५० मिमी वेल्ड आणि एका वेल्डच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत १५०. मोकळी जागा १००. आयएसओ सिस्टिम ए मध्ये लांबीनंतर कंसात येतं ते दोन वेल्डमधलं मोकळं अंतर. तोच जोड तिथे ५० आणि कंसात १०० असा लिहायचा. जुना ब्लॉक नव्या पद्धतीत आणताना कुणी १५० तसाच कंसात टाकला की मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर २०० होतं. १२०० मिमीच्या जोडावर एका टोकापासून सुरू केलं तर आठ वेल्डच्या जागी सहा बसतात. ४०० मिमी वेल्डिंगचं ३०० झालं आणि तक्रारीला जागा नाही, कारण ड्रॉइंगप्रमाणेच काम झालंय. ब्लॉकमध्ये लांबी आणि अंतर एकाच मजकुराच्या चौकटीत न ठेवता दोन वेगळी ॲट्रिब्यूट, म्हणजे भरायची खणं, करावीत. कंस किंवा मधली रेघ ब्लॉकमध्येच पक्की असावी, माणसाने टाइप करायला ठेवू नये. पुढे डेटा एक्स्ट्रॅक्शनने एकूण वेल्डिंगची लांबी काढायची झाली तर ही वेगळी खणं उपयोगी पडतात.

साध्या ऑटोकॅडमध्ये ब्लॉक बनवताना इन्सर्शन पॉइंट बाण आणि आडवी रेघ मिळतात त्या कोपऱ्यावर घ्यावा. सर्वांगी (जोडाच्या सभोवार फिरणाऱ्या) वेल्डचं वर्तुळ आणि साइटवर करायच्या वेल्डचा झेंडा त्याच कोपऱ्यावर बसतात, त्यामुळे बाकीचं सगळं तिथून मोजणं सोपं. फिलेट बाणाकडे, फिलेट पलीकडे, दोन्हीकडे, एकेरी बेव्हल, व्ही, अशा व्हिजिबिलिटी स्टेट, म्हणजे यादीतून निवडायच्या अवस्था, करायच्या. ‘ए’ आणि ‘झेड’ ही अक्षरं त्या स्टेटमध्येच छापील ठेवायची. ॲट्रिब्यूटला निवडीची यादी जोडता येत नाही, व्हिजिबिलिटीला येते, म्हणून ही वाट. मापाच्या जागी आधीपासून ६ भरून ठेवण्याचा मोह टाळायचा. भरलेला आकडा कुणी बदलत नाही. दोन प्रश्नचिन्हं ठेवली तर चेकरच्या नजरेतून सुटत नाहीत.

ब्लॉकला फ्लिपची सोय देऊ नये, आणि दिलीच नाही तरी मिरर कमांड आहेच. मिरटेक्स्ट (MIRRTEXT) हे सेटिंग ० ठेवलं की ॲट्रिब्यूटमधली अक्षरं सुलट राहतात, पण ते संरक्षण फक्त त्या अक्षरांना; ब्लॉकमध्ये छापील ठेवलेली अक्षरं उलटतातच. भूमितीचं काय होतं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. एका रेघेच्या पद्धतीतलं, रेघेखाली फिलेटचा त्रिकोण, उभी रेघ डावीकडे, असं निर्दोष चिन्ह घ्या. उभ्या अक्षाभोवती मिरर केलं तर त्रिकोण खालीच राहतो, उभी रेघ उजवीकडे जाते. चूक आहे, पण दिसते. १८० अंशात फिरवलं तर त्रिकोण वर जातो आणि उभी रेघ उजवीकडे. बाजूही चुकली, पण निदान खूण मागे राहिली. आडव्या अक्षाभोवती मिरर केलं तर त्रिकोण वर जातो आणि उभी रेघ डावीकडेच राहते. हे चिन्ह पूर्णपणे नियमात बसतं, फक्त वेल्ड प्लेटच्या पलीकडे गेला. नजरेने तपासून हे सापडत नाही. डावा भाग काढून झाल्यावर उजवा भाग मिररने करायची पद्धत असेल, तर भूमिती मिरर करावी आणि चिन्हं नव्याने बसवावीत. कंटाळवाणं काम आहे, पर्याय नाही.

सॉलिडवर्क्समध्ये चिन्हं जीटॉल डॉट एसवायएम या साध्या टेक्स्ट फाइलमधून येतात. नोटपॅडमध्ये उघडते आणि लिहिण्याची रीतही सोपी: एका अक्षराएवढा चौकोन, त्याचा खालचा डावा कोपरा (०,०) आणि वरचा उजवा (१,१). रेघेला दोन टोकांचे चार आकडे, वर्तुळाला केंद्र आणि त्रिज्या. रेघेवर बसणारा फिलेट म्हणजे (०,०) ते (०,१) उभी रेघ आणि (०,१) ते (१,०) तिरकी. तळ रेफरन्स लाइनच पुरवते. रेघेखालच्यासाठी (०,०) ते (०,१) तीच उभी रेघ, पण तिरकी (०,०) ते (१,१). म्हणजे आपण नवं चिन्ह घालतो तेव्हा वरचं आणि खालचं असं दोनदा लिहावं लागतं. फाइल बदलल्यावर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडायचा. मूळ जागेवरची फाइल न बदलता प्रत शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून ऑप्शनमधल्या फाइल लोकेशनमध्ये सिम्बॉल लायब्ररीचा रस्ता तिकडे वळवावा. नाहीतर नवी आवृत्ती आपली कोरी फाइल घेऊन येते आणि तुमची चिन्हं मागच्या आवृत्तीत राहतात. ज्याच्याकडे तुमची फाइल नाही, त्याच्याकडे मूळ ड्रॉइंग उघडलं तर तुमचं चिन्ह त्याला मिळत नाही, हेही लक्षात ठेवावं. बाहेर पाठवायची ती पीडीएफ.

फॉन्टमध्ये चिन्ह कोंबण्याचा मार्ग मात्र सोडून द्यावा. एखाद्या खास फॉन्टमध्ये एका इंग्रजी अक्षराच्या जागी त्रिकोण बसवलेला असतो. आपल्या मशीनवर देखणा दिसतो. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की त्याची जागा दुसरा फॉन्ट घेतो आणि त्रिकोणाच्या जागी ते नुसतं अक्षर उगवतं. रेघांनी काढलेल्या चिन्हाला हा आजार नाही.

इन्व्हेंटरमध्ये हे काम स्टाइल एडिटरमधल्या वेल्ड सिम्बॉल स्टाइलमधून होतं. लायब्ररीत स्टाइल बदलली तरी आधीची ड्रॉइंग्ज आपल्या पोटातली जुनी स्टाइल धरून बसतात, ती अपडेट करावी लागते. क्रिओमध्ये ड्रॉइंगच्या डिटेल ऑप्शनमध्ये वेल्ड सिम्बॉलचं स्टँडर्ड आन्सी (अमेरिकन) की आयएसओ हे वेगळं ठरतं; मॉडेलमधल्या वेल्डसाठीचं कॉन्फिग वेगळं. एक बदलून दुसरं तसंच राहिलं की घोळ ठरलेला.

शेपटीबद्दल थोडं. शेपटीत प्रोसेस येते: आयएसओ ४०६३ चे आकडे, जसे १११ हाताने इलेक्ट्रोडने, १३५ भरीव वायरने मॅग, १३६ फ्लक्स भरलेल्या वायरने, १४१ टिग. पुढे तिरकी रेघ देऊन आयएसओ ५८१७ ची बी, सी किंवा डी पातळी. सांगायला काही नसेल तर शेपूट काढतच नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये शेपटीची दुभंगलेली रेघ लपवून मजकूर ठेवण्याची सोय असली तर ती वापरू नये: उघड्यावर पडलेला १३५ हा आकडा लांबीच्या जागेशेजारी येतो आणि १३५ मिमी वाचला जातो. डब्ल्यूपीएसचा नंबर प्रत्येक शेपटीत भरण्याची हौसही आवरावी. सगळ्या जोडांना एकच असेल तर जनरल नोट पुरते. वेगळा असलेल्या दोन-चार जोडांनाच शेपूट द्यावी. डब्ल्यूपीएस बदलला की नोटची एक ओळ बदलते, चाळीस चिन्हं नाही.

काही खुणा यादीत असतात म्हणून सर्रास वापरल्या जातात. सर्वांगी वेल्डचं वर्तुळ त्यातलं पहिलं. वेल्डचा प्रकार किंवा माप वाटेत बदलत असेल, किंवा जिथून निघाला तिथे परत येऊन मिळत नसेल, तर आयएसओ ते वर्तुळ वापरू देत नाही. ‘टिपिकल’, म्हणजे ‘असेच बाकीचेही’, लिहायचं तर कुठल्या जोडांना लागू ते ओळखू येईल असं दाखवायला हवं. आणि पलीकडची बाजू म्हणजे त्याच जोडाची पलीकडची बाजू. अधिकच्या चिन्हासारख्या (+) जोडणीत बाण एका जोडाकडे असतो. मधल्या प्लेटच्या पल्याडचा जोड वेगळा, त्याला वेगळं चिन्ह.

एकेरी बेव्हलचा मोडका बाण हीही टेम्प्लेटमध्ये जपायची गोष्ट. ज्या प्लेटला बेव्हल मारायचा तिच्याकडे बाण ठळकपणे वळलेला हवा. लीडर, म्हणजे बाणाची रेघ, ‘सरळ आणि नीटनेटका’ करण्याच्या सेटिंगमध्ये ते वळण पुसलं जातं आणि बेव्हल कुणीही कुठल्याही प्लेटला मारतो. लीडर चिकटवताना तो प्लेटच्या कडेला चिकटवावा, मॉडेलमधल्या वेल्ड बीडच्या (भरलेल्या वेल्डच्या) कडेला नाही. बीड सप्रेस झाली की चिन्ह अधांतरी लटकतं.

जिथे चिन्ह पुरत नाही तिथे चिन्हाला अवयव जोडत बसू नये. जे-ग्रूव्हची त्रिज्या, लँडची (कडेला सरळ ठेवलेल्या भागाची) जाडी, जोडामागे लावायच्या बॅकिंग पट्टीचा आकार हे मोठ्या स्केलच्या छेदात काढावं आणि शेपटीत त्या डिटेलचं नाव द्यावं. टॅकसारखी घरगुती खूण घालायचीच असेल तर ती वापरलेल्या प्रत्येक शीटवर खुलासा हवा. नुसत्या पहिल्या शीटवर नको, कारण शॉपमध्ये शीटं सुटी फिरतात.

टेम्प्लेट तयार झाल्यावर ते तपासायची रीत: बाणाकडची फिलेट, पलीकडची फिलेट, तुटक वेल्ड, एकेरी बेव्हल आणि शेपटीसकट एखादं, अशी पाच चिन्हं एका शीटवर ठेवा, ए३ वर काळ्या-पांढऱ्यात छापा आणि ज्याने हे टेम्प्लेट पाहिलेलं नाही अशा वेल्डरला किंवा फिटरला प्रत्येक जोडाचा छेद हाताने काढायला सांगा. बाजू चुकली तर डॅश रेघेची जागा बघा, छेद लहान-मोठा आला तर अक्षर आणि फॉन्ट, बेव्हल भलत्या प्लेटला लागला तर लीडरचं वळण. दुरुस्त करून पुन्हा छापा, पण दुसऱ्या वेळी माणूस नवा घ्या; पहिल्याला आता उत्तरं ठाऊक आहेत.